हाताला हात लावून पुरवलेले डोहाळे

माझ्या बायकोला, सुहासिनीला, पाचवा महिना लागला आणि तिला संत्रं खावंसं वाटलं. घटना एवढीच आहे. नागपुरात सासर, काटोलात माहेर आणि वडिलांची संत्र्याची बाग असलेल्या बाईला जानेवारीत संत्रं खावंसं वाटलं, तर त्याची बातमी होऊ नये. पण ती हे वाक्य मोठ्यानं बोलली, तेही अंगणात. त्या वेळी अंगणात माझी आई तांदूळ निवडत होती आणि आमच्या घरमालकीण तुळसाबाई काहीच करत नव्हत्या. तुळसाबाई काहीच करत नसल्या की हनुमाननगरात काहीतरी घडतं.

“संत्रं?” आई म्हणाली. सुनेनं विडी मागावी तसा तिचा चेहरा झाला होता.

“एकच,” सुहासिनी म्हणाली.

“संत्रं थंड असतं. बाळ शिंकतच जन्माला येईल.”

“थंडाचं सोडा वं बाई,” तुळसाबाई पुढे सरकल्या. “फोडी पाहा नं त्याच्या. जुळं केळं खाल्लं तर जुळे होते, हे तर तुम्हाले माहीत आहे. मंग संत्र्यात तर साऱ्याच फोडी एकमेकीले चिपकून राहते. काय होईन मंग?”

“मी सुट्या करून खाईन.”

“अन पोटात जाऊन पुन्हा चिपकल्या म्हणजे?”

मी दारात उभा राहून दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण लावलेल्या माणसाच्या मताला वजन नसतं, म्हणून मी ते दिलं नाही. उरलेल्या गालाची दाढी केल्यावरही माझ्या मताला वजन येत नाही, हे मला पुढे कळलं.

तसं पाहिलं तर संत्र्याच्या आधीच बरंच काही गेलं होतं. पपई पहिल्याच महिन्यात गेली. तिच्यापाठोपाठ अननस गेला, तो आमच्या घरी कधी आलेलाच नव्हता, तरी गेला. वांगं वातूळ म्हणून गेलं, गूळ उष्ण म्हणून गेला, दही थंड म्हणून गेलं आणि ताक हे दह्याचं नातेवाईक म्हणून गेलं. घरी येणारी प्रत्येक बाई येताना हात हलवत येई आणि जाताना एक पदार्थ घेऊन जाई. संक्रांतीला आम्ही सुहासिनीला तिळगूळ न देताच गोड बोलायला सांगितलं. ती बोलली नाही. शेवटी कुणाचीच हरकत नसलेले दोन पदार्थ उरले: दुधी भोपळा आणि मुगाची पातळ खिचडी. दुधी भोपळ्याविरुद्ध कुणीच काही बोललं नाही. त्याच्याविषयी कुणाला काही वाटतच नाही, हे त्याचं मुख्य कारण असावं.

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी “सगळं खा” असं सांगितलं होतं. आईनं हा सल्ला दवाखान्याच्या पायऱ्यांवरच फेटाळला.

“तिला स्वतःला एक तरी मूल आहे का?” आईनं विचारलं.

या न्यायानं तुरुंगात जाऊन आल्याशिवाय कुणाला न्यायाधीश करता आलं नसतं, पण मी हे बोललो नाही. कारण रिक्षात बसल्यावर आई जरा खालच्या आवाजात म्हणाली, “मला काय तिनं खाऊ नये असं वाटतं का रे विश्वा? पण उद्या काही वेडंवाकडं झालं, तर लोक डॉक्टरीणबाईला विचारायला जाणार नाहीत. मला विचारतील. सासूनं पाळू दिलं नाही म्हणतील. लोकांना दिसायला हवं, की या घरात पाळतात.”

तर संत्रं गेलं. प्रकरण मिटलं, असं समजून मी कार्यालयात गेलो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा आई पांढरीफटक पडून बसली होती आणि तुळसाबाई तिला वारा घालत होत्या.

“काय झालं?”

“डोहाळे!” आई म्हणाली. “पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात म्हणे.”

“हे कोण म्हणालं?”

“मी म्हणली,” तुळसाबाई म्हणाल्या. “आमच्या माहेरी कुहीकडे साऱ्या दुनियेले माहीत आहे. गर्भारणीनं मांगितलं अन देल्लं नाही, तर लेकराचे कान वाहते.”

“मग सकाळी का नाही सांगितलंत?”

“सकाळी मी पथ्य सांगत होती नं, विश्वनाथभाऊ. आता डोहाळे सांगून राहिली.”

म्हणजे संत्रं द्यावं तर शिंकणारी अनेक बाळं, आणि न द्यावं तर कान वाहणारं एक. तुळसाबाईंचे यजमान रुपराव अंगणातल्या बाजेवर पडून होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते उभं राहण्याचं काम शक्यतो टाळत. ते पडल्यापडल्या म्हणाले, “मोठा पेच आहे गा,” आणि कूस बदलली.

मी सरकारी माणूस आहे. आवक-जावक शाखेत कनिष्ठ लिपिक. एकमेकांविरुद्ध जाणाऱ्या दोन आदेशांची मला भीती वाटत नाही. आमचं कार्यालय त्यावरच चालतं. दुसऱ्या दिवशी मी आमचे हेडक्लार्क आनंदराव यांच्यापुढे प्रकरण मांडलं. आनंदराव डोळे मिटून ऐकतात. झोपले असले तरी तसेच दिसतात, त्यामुळे त्यांचा दबदबा आहे.

“दोन्ही परिपत्रकं अमलात आहेत?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

“हो.”

“कोणतंही रद्द करता येत नाही?”

“तुळसाबाई हयात आहेत, साहेब.”

“मग सोपं आहे भाऊ. साहेब दौऱ्यावर असले तर पत्रावर सही कोण करते? मी. साहेबाच्या नावापुढे ‘करिता’ लिहितो अन ठोकतो. काम साहेबाचं होते, हात माझा लागते. उद्या काही उलटंसुलटं झालं तर साहेब म्हणते, मी तर दौऱ्यावर होतो.” त्यांनी डोळे उघडले. “तू खा. वहिनींकरिता.”

मी हे घरी हसवायला म्हणून सांगितलं. ही मोठी चूक झाली. विनोद समजून घेणारी माणसं धोकादायक नसतात. विनोद अमलात आणणारी असतात.

आई हसली नाही. ती विचारात पडली. “यात गैर काय आहे?” ती म्हणाली. “सत्यनारायणाला आपण काय करतो? पूजा नवरा करतो, बायको नुसती त्याच्या हाताला हात लावून बसते. पुण्य दोघांना मिळतं ना? मग संत्रं का मिळू नये?”

“अन सर्दी?” रुपरावांनी बाजेवरून विचारलं.

“सर्दी खाणाऱ्याला.”

तुळसाबाईंनी पदराला हात पुसला आणि कबुली दिली, की एवढी सोय त्यांच्या कुहीलासुद्धा नाही.

मग पाट मांडला. माझ्या पुढ्यात ताटलीत संत्रं ठेवलं. सुहासिनी शेजारच्या पाटावर बसली आणि तिनं उजव्या हाताचं बोट माझ्या कोपराला लावलं. आईनं संत्र्यावरून पाणी फिरवलं. का फिरवलं ते तिलाही माहीत नव्हतं, पण पाट मांडल्यावर काहीतरी फिरवावं लागतं. मी सोललं, फोडी सुट्या केल्या आणि खाल्लं. संत्रं फार गोड होतं.

“कसं आहे?” सुहासिनीनं विचारलं.

“छान आहे.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की शेवटची फोड मी नजर खाली घालून खाल्ली.

“पोचलं का वं पोरी?” तुळसाबाईंनी तिला विचारलं.

सुहासिनीनं डोळे मिटले. जरा वाट पाहिली. “थोडंसंच पोचलं,” ती म्हणाली.

“थोडंसंच? विश्वनाथभाऊ, अजून एक घ्या.”

मी अजून एक घेतलं.

“आता?”

“आत्ता कुठे खांद्यापर्यंत आलंय.”

ताटलीतली सगळी संत्री संपेपर्यंत ते तिच्या खांद्याच्या खाली उतरलं नाही. माझी बायको शांत स्वभावाची आहे, असं लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. शांत माणूस काय करू शकतो, याची मला त्या दिवशी पहिल्यांदा कल्पना आली.

यानंतर सुहासिनीला डोहाळ्यांचा सुकाळ झाला. उपाशी ठेवलंत तर ठेवा, पण मग जेवणारा सुखात जेवू नये, असं तिनं ठरवलं असावं. तिला चिंच हवी झाली, मी खाल्ली. तिला लिंबाचं लोणचं नुसतं चाटावंसं वाटलं, मी चाटलं. तिला पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटली. मी म्हटलं, हे मात्र अति होतंय. आई म्हणाली, “तुझ्या वेळी मलाही पेन्सिलच खावीशी वाटायची,” आणि डोळ्याला पदर लावला. मी पेन्सिल खाल्ली. चव फार वाईट नसते, पण दातांत अक्षरं अडकल्यासारखी वाटतात. इतवारीतून भाजलेली माती आली, तीही खाल्ली. एकदा सकाळी तिला तर्री-पोहे हवे झाले. चौकातल्या ठेल्यापुढे मी नाकाडोळ्यांतून पाणी गाळत तर्री पीत होतो आणि ती माझ्या कोपराला बोट लावून गंभीरपणे उभी होती.

“साहेबांना दिसत नाही का?” ठेलेवाल्यानं तिला हळूच विचारलं.

“दिसतं,” सुहासिनी म्हणाली. “कळत नाही.”

इथवरही मी निभावून नेलं असतं. पण एके दिवशी आईला नवीनच शंका आली. मी कार्यालयातून आलो आणि सहज बोलून गेलो, की आनंदरावांबरोबर भजी खाल्ली.

“तळलेलं?” आई ताडकन उभी राहिली. “आणि ती भजी कुणाच्या नावावर गेली?”

“माझ्या.”

“कशावरून? इतके दिवस तिचं सगळं तुझ्यातून जातंय. एकदा वाट पडली की पडली. कुठलं तुझं आणि कुठलं तिचं, हे भज्याला कसं कळणार?”

तुळसाबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी मला उजेडात उभं केलं, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि निकाल दिला, की आता पथ्य मलाही लावावं लागेल. डोहाळ्यांचे पदार्थ तेवढे चालतील, कारण ते अधिकृत आहेत. बाकी जेवण दुधी आणि खिचडी. सायकल बंद, कारण खाचखळगे. पाण्याची बादली उचलणं बंद. दिवेलागणीला चिंचेच्या झाडाखालून जाणं बंद. आणि आमच्या घराकडे येणाऱ्या एकुलत्या एका रस्त्यावर चिंचेचं झाड असल्यामुळे दिवेलागणीला घरी येणंही जवळजवळ बंद.

बाहेर माझी जी शोभा झाली ती वेगळीच. गल्लीतल्या बायका “कसं वाटते आता?” असं सुहासिनीऐवजी मला विचारू लागल्या. कार्यालयात आनंदरावांनी स्वतःची खिडकीजवळची खुर्ची मला दिली आणि जड फायली शिपायाकडून उचलून घ्यायला सांगितल्या. मी चालत येतो म्हणून रोज उशीर होत होता; उशिरा येण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला. कारणाच्या जागी मी खरं ते लिहिलं: ‘पत्नी गरोदर असल्याने मला सायकल वर्ज्य आहे.’ साहेबांनी त्यावर शेरा मारला, ‘चर्चा करा.’ मी चर्चा करायला गेलो. साहेबांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग अर्जाकडे पाहिलं आणि मंजूर केला. आम्ही चर्चा केली नाही.

त्यांनी पोटाकडे पाहिलं याला कारण होतं. पुढच्या तपासणीला ते कारण डॉक्टरीणबाईंनी उघड केलं.

सुहासिनी काट्यावर उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी काटा पाहिला, पुन्हा पाहिला आणि चष्मा काढला. “वजन वाढलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “गुंजभरसुद्धा नाही. काय खाता तुम्ही?”

सुहासिनीनं माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणजे तिला सगळं सांगायचं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते तिला सुचलं नसावं.

डॉक्टरीणबाईंनी मला काट्यावर उभं केलं. मग त्या काटा पाहून हसायलाच लागल्या. “बाळ वाढतंय,” त्या शेवटी म्हणाल्या, “पण चुकीच्या माणसात.” आणि मग हसणं थांबवून माझ्याकडे वळल्या. “हे बघा, मला गंमत वाटत नाहीये. फळं द्या, दूध द्या, पोटभर द्या. पुढच्या वेळी वजन वाढलं नाही तर मी हिला भरती करून घेईन. अशक्त बाळंतीण आणि अशक्त मूल, दोघांना वाचवताना आम्हाला फार त्रास होतो.”

परतीच्या वाटेवर सुहासिनी रिक्षात माझ्या खांद्याला टेकून बसली. तिचं मनगट माझ्या हातात होतं आणि बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. “अहो,” ती म्हणाली, “मला आता चेष्टा करायचासुद्धा कंटाळा आलाय. मला खरंच भूक लागते.”

त्याच क्षणी मी ठरवलं, की हिला चोरून संत्रं खाऊ घालायचं.

पण संत्रं हे चोरून खाण्याचं फळ नाही. केळं हे चोरांसाठीच बनवलेलं आहे; सोललं, गिळलं, साल गाईला. पेरू निदान मुका असतो. संत्र्याला मात्र नख लावायचा अवकाश, ते आजूबाजूच्या चार घरांना वर्दी देतं. बोटांना वास, पदराला वास, श्वासाला वास. आमच्या दोन खोल्यांत हे शक्य नव्हतं. म्हणून मी तिला फिरायला म्हणून तेलंगखेडीच्या बागेत नेलं, दुपारची शांत वेळ बघून, सगळ्यांत लांबचा बाक निवडून. खिशातून संत्रं काढलं. सुहासिनीनं दोन्ही हात पुढे केले.

“काहून गा विश्वनाथभाऊ!”

बाकामागच्या हिरवळीवर रुपराव आडवे पडले होते. घरच्या बाजेचा कंटाळा आला की ते हवापालट म्हणून इथे येऊन पडत, ही माहिती मला नव्हती.

“काहून गा, वहिनीनं हात नाही लावला? असंच खाऊन राहिले का? मंग पोचन कसं?” ते कोपरावर उठले, आणि शेजारी पडलेल्या आपल्या दोन निवृत्त मित्रांना म्हणाले, “पाहा बरं आता. हेच ते. म्या सांगितलं होतं नं.”

तिघं समोर येऊन बसले. मी संत्रं सोललं. सुहासिनीनं कोपराला बोट लावलं. मी एकेक फोड खाल्ली. रुपरावांच्या एका मित्रानं नमस्कार केला.

आणि अशात ग्रहण आलं.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीतलं ते सूर्यग्रहण. खाली दक्षिणेकडे खग्रास होतं. आमच्या वाट्याला खंडग्रास आलं, पण भीती मात्र पूर्ण आली. त्याच्या आदल्या दिवशी माझे सासरे दत्तोपंत काटोलहून एसटीनं आले. बरोबर मृग बहाराच्या संत्र्यांची करंडी. त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुलीच्या बापानं तिच्या सासरी फार बोलू नये, असं मानणाऱ्या पिढीतले ते. पाणी पिऊन एवढंच म्हणाले, “जावईबापूंची तब्येत सुधारलेली दिसते.” आणि डोळे पुसत परतीच्या गाडीला गेले. आई दारात उभी राहून ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिली.

ग्रहणाच्या दिवशी कार्यालयं दुपारनंतर तशीही ओस पडली होती. गर्भवतीनं ग्रहणात काय करू नये, हे सांगायला सकाळपासून अंगणात बायका जमल्या. खाऊ नये, चिरू नये, शिवू नये, झोपू नये, आणि मुख्य म्हणजे खाजवू नये. जिथे खाजवेल तिथे बाळाला डाग. काळोख्या खोलीत हालचाल न करता बसून राहावं.

सुहासिनीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण आई, ग्रहण मी पाळायचं की ह्यांनी?”

“दोघांनीबी पाळा,” तुळसाबाई म्हणाल्या. “हाताले हात लावून बसा.”

“हात लावला तर ह्यांच्या अंगावरचं ग्रहण माझ्यात नाही येणार?”

“अव माय वं!” तुळसाबाईंनी कपाळावर हात मारला. “खरंच सांगून राहिली पोरगी. मंग दूर ठेवा एकमेकाहून. भाऊले कोंडा आत. साऱ्या गोष्टी त्याच्यातूनच आत जाते नं? मंग कवाड त्याचंच लावाले पाह्यजे.”

“मग ही कुठे बसेल?” एका शेजारणीनं विचारलं.

“ही स्वयंपाकघरात,” आई म्हणाली.

आमचं स्वयंपाकघर अंगणाच्या पलीकडे आहे. रुपरावांनी घर बांधायला दोन्ही टोकांकडून सुरुवात केली होती आणि मध्ये भेटायचं ठरलं होतं. अजून भेट झालेली नाही. दोन खोल्या अलीकडे, स्वयंपाकघर पलीकडे आणि मध्ये उघडं आभाळ. आईनं सुहासिनीला तिकडे नेलं आणि बाहेरून कडी घातली.

इकडे मला खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या खोलीत पाटावर बसवलं. समोर आई जपमाळ घेऊन. एका बाजूला रुपराव. आडवं पडायची मनाई असल्यानं अतिशय दुःखी. दुसऱ्या बाजूला तुळसाबाई, मी खाजवतो का ते बघायला. भिंतीला लागून गल्लीतल्या आणखी काही बायका. ग्रहणापेक्षा मी पाहण्यासारखा आहे, असं त्यांचं मत पडलं असावं. माणसाला खाजवू नको म्हटलं की त्याच्या शरीराचा कोणता भाग शांत राहतो? आधी पाठ, मग कान, मग नाक. नाकाच्या शेंड्यावर एक माशी येऊन बसली आणि पाय पुसू लागली.

“हलू नका भाऊ,” तुळसाबाई म्हणाल्या. “लेकराले माशी उठन.”

बाहेर उजेड पिवळट व्हायला लागला. कावळे गप्प झाले. आणि त्या शांततेत अंगणाकडून, घोंगड्यांच्या फटींतून, हळूच पण अगदी स्पष्ट, संत्र्याचा वास आला.

मी ओळखला. सगळ्यांनीच ओळखला, नागपूरची माणसं होती. पाठोपाठ दुसरं संत्रं सोललं गेलं. वास ताजा झाला.

“कोण संत्रा सोलून राहिलं?” तुळसाबाई म्हणाल्या.

आईनं माळ थांबवली नाही. डोळेही उघडले नाहीत. “विश्वाच्या अंगाला येतोय,” ती म्हणाली. “महिनाभर दुसरं काय खाल्लंय त्यानं?”

तुळसाबाईंनी वाकून माझा खांदा हुंगला. मग पाठ हुंगली. त्यांचं समाधान झालं नाही. “नाही वं बाई. अंगणाकून येऊन राहिला. सुनबाई त खाऊन नाही राहिली? गिरहनात?” त्या उठल्या. उघड्या आभाळाखालून जायचं कसं, याचा त्यांनी क्षणभर विचार केला, कोपऱ्यातलं सूप उचललं, छत्रीसारखं डोक्यावर धरलं आणि दाराच्या कडीला हात घातला.

मी नाक खाजवलं.

साधंसुधं नाही. दोन्ही हातांनी, नखांनी, मोठ्यानं “आहाहा” म्हणत. माझ्या आयुष्यात एवढं मनापासून मी काहीच केलेलं नाही.

“खाजवलं!” रुपराव ओरडले. “ए, खाजवलं गा त्यानं!”

भिंतीच्या बायका किंचाळल्या. तुळसाबाई सूप फेकून धावत आल्या. मी नाकावरून कानाकडे वळलो. “हात धरा त्याचे! हात धरा!” एका हाताला रुपराव लटकले, दुसऱ्याला तुळसाबाई. मी पाय मोकळे असल्याचा फायदा घेऊन एका पायानं दुसरी पोटरी खाजवली. त्यावर दोन शेजारणी माझ्या पायांवर बसल्या. कुणीतरी स्तोत्र म्हणायला सुरुवात केली, पण घाईत ते भलत्याच देवाचं निघालं. ग्रहण सुटेपर्यंत तुळसाबाईंनी माझा हात सोडला नाही, आणि ग्रहण सुटेपर्यंत संत्र्याचा वास थांबला नाही.

मोक्ष झाल्यावर सगळे आंघोळीला पांगले. “पोराच्या अख्ख्या तोंडावर डाग उठन आता,” असं सांगत तुळसाबाई गेल्या. आई उठली, अंगण ओलांडून गेली आणि तिनं स्वयंपाकघराची कडी काढली. मी मागोमाग धावलो. सुनेच्या वतीनं काय बोलायचं ते मनात जुळवत होतो आणि दाराशीच थांबलो.

सुहासिनी भिंतीला टेकून बसली होती. तिच्याभोवती सालींचा ढीग होता. करंडी, जी काल बाहेरच्या खोलीत माझ्या डोळ्यांसमोर ठेवली होती, ती तिच्या पुढ्यात होती. आणि ती तिथे सुहासिनीनं नेलेली नव्हती, कारण तिला जड उचलायची बंदी होती. करंडीशेजारी दुधाचा रिकामा गडूही होता.

आई सालींकडे पाहत राहिली. मग तिच्याजवळ खाली बसली.

“गोड होती का गं?” तिनं विचारलं.

“हो आई.”

“पोट भरलं?”

सुहासिनीनं मान डोलावली. आईनं तिच्या हनुवटीवर ओघळलेला रस पदरानं पुसला, कुणाला दिसायला नकोत म्हणून साली गोळा करायला लागली आणि म्हणाली, “उद्यापासून रोज दुपारी तुझं जेवण इथेच. दाराला आतून कडी लावून घेत जा.”

“मग पथ्याचं काय, आई? तुळसाबाई विचारतील.”

आईनं मान वर करून दारातल्या माझ्याकडे पाहिलं. डाग उठू नये म्हणून रुपरावांनी शिंपडलेल्या गोमूत्रानं माझं नाक तेव्हा निथळत होतं.

“त्याचं चालू ठेवू,” आई म्हणाली. “लोकांना दिसायला हवं.”

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी सुहासिनीला काट्यावर उभं केलं आणि त्यांचा चेहरा उजळला. वजन चांगलं वाढलं होतं. बाळाचे ठोके ऐकून त्या म्हणाल्या, “उत्तम! भरतीची गरज नाही. पथ्यं सोडलीत वाटतं सगळी?”

“छे हो,” आई म्हणाली, आणि बाकावर दुधीच्या रसाचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या पाठीवरून तिनं प्रेमानं हात फिरवला. “अगदी कडक चालू आहेत.”